पळणारा क्वार्टरबॅक की पॉकेटमधला? कॉलेज फुटबॉलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेल्या मराठी मंडळींना शनिवारी विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये पहिल्यांदा बसल्यावर पडणारे हे प्रश्न. चार डाउन, दहा यार्ड, टचडाउनचे सहा गुण एवढं माहीत आहे असं धरून पुढे लिहिलं आहे.

पळणारा (मोबाइल) आणि पॉकेटमधला (पॉकेट पासर), या दोघांत नेमका फरक काय?

स्नॅपनंतर, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिल्यावर, तो डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातात येतो, तोपर्यंत दोघांचं काम सारखंच असतं. पॉकेट पासर ऑफेन्सिव्ह लाइनच्या पाच जणांनी अडवून धरलेल्या जागेत उभा राहतो, रिसीव्हर (पास झेलायला पळणारे खेळाडू) क्रमाने तपासतो आणि चेंडू फेकतो. मोबाइल क्वार्टरबॅक हे करतोच, शिवाय स्वतः चेंडू घेऊन पळण्याचा धाक बचावावर ठेवतो. या धाकाची किंमत पळून मिळवलेल्या यार्डांपेक्षा मोठी असते. त्याच्यावर एक माणूस कायम नजर ठेवून बसतो, आणि तेवढा माणूस दुसरीकडे कमी पडतो.

ही दोन वेगवेगळी खोकी आहेत असं मात्र समजू नका. २०१९मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या (एलएसयू) जो बरोने ५,६७१ यार्ड आणि ६० टचडाउन फेकले. त्याला सगळे पॉकेट पासर म्हणतात. त्याच मोसमात, सॅकचं (पास फेकण्याआधीच पाडलं जाण्याचं) नुकसान वजा होऊनही, तो ३६८ यार्ड पळाला होता. कॉलेजचे बहुतेक चांगले क्वार्टरबॅक असेच अधलेमधले असतात.

‘पॉकेट’ ही मैदानावर आखलेली जागा असते का?

नाही. पॉकेट माणसांचं बनलेलं असतं. दोन टोकांचे टॅकल बाहेरून येणाऱ्या डिफेन्सिव्ह एंडना (बचावाच्या पहिल्या फळीतले टोकाचे खेळाडू) वळसा घालायला लावतात, मधले तिघे (सेंटर आणि दोन गार्ड) समोरचा धक्का रोखतात, आणि मध्ये घोड्याच्या नालेसारखी पोकळी राहते. शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक सेंटरच्या मागे साधारण ५ यार्डांवर उभा असतो. तिथून दोन-तीन पावलं मागे गेला की तो ७-८ यार्ड खोल पोहोचतो.

नियमपुस्तकातला ‘टॅकल बॉक्स’ वेगळा. सेंटरच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच यार्डांवर साइडलाइनला समांतर रेषा आहेत असं कल्पून मागच्या बाजूला होणारा तो पट्टा. चेंडू मुद्दाम बाहेर फेकण्याच्या नियमात तो उपयोगी पडतो, त्याबद्दल पुढे.

क्वार्टरबॅक पळाला म्हणजे पळाला, त्यात आणखी प्रकार कसले?

चार प्रकार आहेत. ते वेगळे ओळखता आले नाहीत तर खेळाडूबद्दलचं मत हमखास चुकतं.

स्क्रॅम्बल: पासचा डाव ठरलेला होता, कोणी मोकळं दिसलं नाही किंवा पॉकेट फुटलं, म्हणून पळाला.

ठरवून धाव: डावच क्वार्टरबॅकच्या धावेचा असतो. रनिंग बॅक, म्हणजे एरवी चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, त्याच्यापुढे ब्लॉक करत जातो.

ऑप्शन किंवा रीड: चेंडू द्यायचा की ठेवायचा हे एका बचावपटूकडे बघून स्नॅपनंतर ठरतं.

रोलआउट आणि बूटलेग: बाजूला पळायचं ते फेकण्यासाठीच. हळू पायांचा क्वार्टरबॅकही हे करतो, त्यामुळे यावरून कोणाला मोबाइल म्हणू नये.

टीव्हीवर चांगला पळताना दिसला, आकडेवारीत मात्र धावेचे यार्ड नगण्य. असं का?

कारण कॉलेज फुटबॉलमध्ये सॅकचं नुकसान क्वार्टरबॅकच्या धावांमधून वजा होतं. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीग) ते संघाच्या पासिंगच्या बेरजेतून जातं, म्हणून तिथले आणि इथले धावेचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

समजा, एखादा क्वार्टरबॅक १० वेळा पळून ७० यार्ड मिळवतो आणि चार सॅकमध्ये २८ यार्ड गमावतो. कागदावर दिसतं ‘१४ धावा, ४२ यार्ड’, म्हणजे धावेमागे ३ यार्ड. खरी सरासरी ७ यार्ड होती. सर्वात गमतीचं उदाहरण अलाबामाच्या ब्राइस यंगचं. २०२१मध्ये त्याने ४,८७२ यार्ड आणि ४७ टचडाउन फेकून कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइसमन करंडक जिंकला, आणि त्याचे मोसमभराचे धावेचे यार्ड भरले चक्क शून्य. पॉकेटमध्ये पाय हलवून वेळ विकत घेण्यात तो पटाईत होता. त्या कौशल्याला आकडेवारीत रकानाच नाही.

पळणाऱ्या क्वार्टरबॅकमुळे ‘एक माणूस जास्त मिळतो’ म्हणतात. दोन्हीकडे अकराच असतात ना?

असतात. पण साध्या धावेच्या डावात क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकला देतो आणि बाजूला होतो. चेंडू नेणारा धरून आक्रमणाचे दहा उरले, बचावाचे अकरा. चेंडू नेणारा स्वतःला ब्लॉक करू शकत नाही, म्हणजे ब्लॉक करायला नऊ आणि अडवायला अकरा.

क्वार्टरबॅक स्वतः पळाला की रनिंग बॅकही ब्लॉकर होतो आणि दहा ब्लॉकर मिळतात. रीड डावात आणखी एक युक्ती: ज्या बचावपटूकडे बघून निर्णय घ्यायचा त्याला कोणी ब्लॉकच करत नाही. तो कोणताही पर्याय निवडो, चेंडू दुसरीकडे जातो. न शिवता एक माणूस खेळातून बाद. आपल्याकडे कबड्डीत चढाईवाला एका कोपऱ्याला हूल देऊन दुसरीकडे पाय टाकतो, तसाच हा हिशोब.

झोन रीड नेमकं कसं चालतं?

या डावाचं नाव रिच रॉड्रिगेझ या प्रशिक्षकाशी जोडलं जातं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात त्याने तो घडवला.

१. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये, रनिंग बॅक त्याच्या शेजारी. समजा, बॅक डावीकडे उभा आहे आणि डाव उजवीकडे जाणार आहे.

२. स्नॅप होताच सगळी लाइन उजवीकडे सरकत ब्लॉक करते. डावीकडच्या टोकाचा डिफेन्सिव्ह एंड मोकळा सोडला जातो.

३. बॅक क्वार्टरबॅकच्या पोटासमोरून जातो. क्वार्टरबॅक चेंडू त्याच्या पोटाशी टेकवून सोबत नेतो. याला मेश म्हणतात. डोळे चेंडूवर नाहीत, त्या मोकळ्या एंडवर.

४. एंडचे खांदे बॅकच्या दिशेने वळले आणि तो आत धावला, तर चेंडू ओढून घ्यायचा आणि त्याने सोडलेल्या जागेतून डावीकडे पळायचं. एंड जागेवर, खांदे सरळ ठेवून थांबला, तर चेंडू देऊन टाकायचा.

५. चेंडू क्वार्टरबॅकच्या पुढच्या कमरेच्या रेषेपर्यंत पोहोचायच्या आत निर्णय झाला पाहिजे. शंका आली तर देऊन टाकायचा. चुकून दिला तर दोन यार्ड जातील, अर्धवट ओढला तर चेंडूच जाईल.

मग हा डाव फसतो कुठे?

बहुतेक वेळा मेशमध्ये. क्वार्टरबॅक उशिरा ओढतो, बॅकने तोवर हात मिटलेले असतात, दोघांच्या ओढाताणीत चेंडू जमिनीवर. म्हणून बॅकला शिकवतात की चेंडू हातांनी पकडू नकोस, क्वार्टरबॅक सोडेपर्यंत हात सैल ठेव. दुसरी चूक डाव्या टॅकलची: सवयीने तो मोकळ्या सोडायच्या एंडलाच ब्लॉक करतो आणि आतला लाइनबॅकर (पहिल्या फळीमागचा बचावपटू) सुटतो. तिसरी, क्वार्टरबॅक स्नॅपच्या आधीच मनात ठरवून बसतो. हे प्रेक्षकांतूनही ओळखता येतं, कारण एंड समोर ताठ उभा असूनही तो चेंडू ठेवतो आणि सरळ त्याच्या मिठीत जातो.

बचाव त्याला उत्तर काय देतो?

सर्वात जुनं उत्तर म्हणजे अदलाबदल, स्क्रेप एक्स्चेंज. एंड मुद्दाम आत धावतो. क्वार्टरबॅकला वाटतं बाहेर रान मोकळं, तो चेंडू ओढतो. तेवढ्यात लाइनबॅकर एंडच्या मागून वळसा घेऊन नेमका तिथे हजर असतो. याला आक्रमणाचा उतारा म्हणजे टाइट एंडला (आक्रमणाच्या लाइनच्या टोकाला उभा राहणारा, ब्लॉकही करणारा रिसीव्हर) मोकळ्या डिफेन्सिव्ह एंडला वळसा घालून थेट त्या लाइनबॅकरवर पाठवायचं. दुसरा उपाय: एंडने ना आत यायचं ना बाहेर, खांदे सरळ ठेवून इंच इंच सरकत क्वार्टरबॅकचा निर्णय लांबवायचा. कंटाळवाणं काम आहे, पण चांगला एंड याच गोष्टीचे पैसे वसूल करतो.

आक्रमणाने हे उलटवून ‘इनव्हर्टेड व्हीअर’ आणलं. यात ज्या बाजूला डाव जाणार त्याच बाजूचा एंड वाचायचा. बॅक बाहेरून पळतो, क्वार्टरबॅक आतून, आणि गार्ड ओढून त्याच्यापुढे लावतात. २०१०मध्ये ऑबर्नच्या कॅम न्यूटनसारखा धिप्पाड माणूस आतून येऊ लागल्यावर लाइनबॅकरांपुढे पर्यायच उरले नाहीत. त्या मोसमात तो १,४७३ यार्ड पळाला, धावून २० टचडाउन केले, फेकून ३०, आणि ऑबर्न राष्ट्रीय विजेता झाला.

पॉकेट पासर नुसता उभा असतो. त्यात एवढं अवघड काय?

उभा दिसतो, असतो मात्र सतत हलता. त्याच्याजवळ साधारण अडीच सेकंद असतात. तेवढ्यात मागे जायचं, सेफ्टी (सर्वात मागचे बचावपटू) एक आहे की दोन ते बघायचं, पहिला रिसीव्हर, दुसरा, नाहीच तर बॅककडे छोटा पास. पावलं आणि रिसीव्हरचा मार्ग एकमेकांना बांधलेले असतात: शेवटचं पाऊल टेकलं की पहिला पास निघायलाच हवा, एक छोटी उडी घेतली की दुसऱ्याची वेळ, आणखी एक घेतली की तिसऱ्याची. पाय थांबले की वेळापत्रक मोडलं.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे मागे मागे सरकत जाणं. टॅकलने हिशोब केलेला असतो की क्वार्टरबॅक ७-८ यार्डांवर आहे, म्हणून तो एंडला त्याच्या मागून वळवून नेतो. क्वार्टरबॅक ११ यार्डांवर गेला तर तो वळसा थेट त्याच्याच पाठीवर येऊन संपतो. दोष टॅकलला लागतो, चूक क्वार्टरबॅकची. बाहेरून दाब आला तर एक पाऊल पुढे चढायचं, हे सरावात शंभरदा घोकून घेतात तरी सामन्यात विसरतं.

मधून, म्हणजे सेंटर आणि गार्डच्या बाजूने आलेला दाब पॉकेट पासरला सर्वात जाचक, कारण पुढे चढायची जागाच संपते. म्हणून त्याच्याविरुद्ध बचाव मध्यातून लाइनबॅकर सोडतो आणि कव्हरेज (रिसीव्हरना कोण कसं अडवणार ती रचना) स्नॅपनंतर बदलतो. २०२४पासून वरच्या पातळीवरच्या कॉलेज सामन्यांत प्रशिक्षक हेल्मेटमधून एका खेळाडूशी बोलू शकतात, पण प्ले क्लॉकवर (पुढचा डाव सुरू करण्याच्या मुदतीचं घड्याळ) १५ सेकंद उरले की आवाज बंद होतो. बदललेलं कव्हरेज ओळखायला क्वार्टरबॅक एकटाच असतो.

पळणाऱ्या क्वार्टरबॅकविरुद्ध माणसाला माणूस लावून का खेळत नाहीत?

खेळतात, आणि पस्तावतात. मॅन कव्हरेजमध्ये बचावपटू आपापल्या रिसीव्हरमागे धावतात, म्हणजे त्यांची पाठ क्वार्टरबॅककडे असते. तो निघाला हे कळेपर्यंत १५ यार्ड गेलेले असतात. झोनमध्ये (प्रत्येकाने माणूस नव्हे, जागा राखायची) सगळ्यांचे डोळे चेंडूकडे असतात, म्हणून झोन बरा. किंवा एक जण स्पाय ठेवायचा, जो फक्त क्वार्टरबॅकच्या हालचालीला हालचाल देतो. मग कव्हरेजमध्ये एक जण कमी. स्पाय हळू असेल तर दोन्ही गेलं.

याहून महत्त्वाची गोष्ट पहिल्या फळीची शिस्त. चार जणांनी आपापल्या वाटेतून सावकाश दाबत यायचं, कोणीही क्वार्टरबॅकच्या पलीकडे जायचं नाही. एकाने सॅकच्या लोभाने आतून उडी मारली की बाहेरचं दार उघडं.

क्वार्टरबॅक निसटल्यावर रिसीव्हर भलतीकडेच धावू लागतात. गोंधळ असतो का तो?

नाही, ठरलेलं असतं. क्वार्टरबॅक उजवीकडे निघाला की लांब गेलेला रिसीव्हर परत त्याच्याकडे येतो, जवळचा रिसीव्हर लांब पळतो, मधला त्याला समांतर उजवीकडे सरकतो. बचावाला पाच-सहा सेकंद माणूस धरून ठेवणं जवळपास अशक्य. १० नोव्हेंबर २०१२ रोजी टेक्सस ए अँड एमचा जॉनी मॅन्झिएल अलाबामाच्या मैदानावर आपल्याच लाइनमनवर आदळला, चेंडू हातातून उडाला, त्याने तो हवेत झेलला, डावीकडे पळाला आणि एंड झोनमध्ये मोकळा झालेला रिसीव्हर गाठला. संघाने सामना २९-२४ जिंकला, आणि वर्षअखेरीस हाइसमन जिंकणारा तो पहिला फ्रेशमन (पहिल्या मोसमाचा खेळाडू) ठरला.

एनएफएलपेक्षा कॉलेजमध्येच धावणारे क्वार्टरबॅक जास्त का दिसतात?

नियम आणि माणसं, दोन्ही कारणं आहेत. कॉलेजच्या मैदानावर हॅश खुणांमधलं (डावाआधी चेंडू ज्यांच्या आत ठेवतात त्या दोन रांगांमधलं) अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. मैदान १६० फूट रुंद असल्यामुळे कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसरीकडे १०० फूट जागा उरते. त्या १०० फुटांत वेगवान क्वार्टरबॅकला गाठायचं म्हणजे बचावाची दमछाक.

दुसरं, पासच्या डावात लाइनमनला कॉलेजमध्ये डाव सुरू होण्याच्या रेषेपुढे ३ यार्ड जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे धाव की पास हे स्नॅपनंतर ठरवणारे डाव इथे सोपे जातात. आणि तिसरं सरळ आहे: अडीच सेकंदांत सगळं मैदान वाचणारा १९ वर्षांचा मुलगा दुर्मीळ, वेगाने पळणारा मुलगा त्या मानाने सापडतो.

टोकाचं उदाहरण नेव्हीचं. सैनिकी अकादमीला शारीरिक निकष असतात, अवाढव्य लाइनमन मिळत नाहीत, म्हणून ते जुना ट्रिपल ऑप्शन (तिघांपैकी चेंडू कोणी न्यायचा ते स्नॅपनंतर ठरणारा डाव) खेळत आले. तिथल्या कीनन रेनॉल्ड्सने कारकिर्दीत धावून ८८ टचडाउन केले, आणि माल्कम पेरी २०१९मध्ये क्वार्टरबॅक म्हणून २,०१७ यार्ड पळाला.

पळणाऱ्याला दुखापती जास्त होतात हे खरं ना?

वाटतं तितकं सरळ नाही. २००९च्या सप्टेंबरमध्ये दोन हाइसमन विजेते जखमी झाले. ओक्लाहोमाचा सॅम ब्रॅडफर्ड, अस्सल पॉकेट पासर, पहिल्याच सामन्यात खांद्यावर आपटला. फ्लॉरिडाचा टिम टीबो, अंगावर घेत धावणारा, केंटकीविरुद्ध डोक्याला मार लागून बाहेर गेला, पण धावताना नव्हे, सॅक होताना. पळणारा समोरचा मार बघू शकतो, अंग चोरू शकतो. पॉकेटमधल्याचे डोळे लांब असतात आणि हात वर. न दिसलेला मार वाईट.

तरीही मोसमभरात २०० वेळा पळणाऱ्याच्या अंगावर मार साचतो हे खरंच. शहाणे प्रशिक्षक ठरवून दिलेल्या धावा तिसरा डाउन आणि गोललाइनजवळच्या प्रसंगांसाठी राखून ठेवतात.

जमिनीवर सरकला की वाचला, असं आहे का?

पाय पुढे करून सरकायला सुरुवात केली की चेंडू तिथेच मृत. म्हणजे फर्स्ट डाउनच्या रेषेच्या अलीकडे सरकायला लागून पुढे घसरलात तर ते यार्ड मिळत नाहीत. हे विसरून चौथा डाउन ओढवून घेणारे दर मोसमात दिसतात. दुसरी चूक उशिरा सरकण्याची: बचावपटू झेपावलेला असतो, डोकं नेमकं त्याच्या खांद्याच्या उंचीवर येतं.

खोटं सरकणं चालत नाही. डिसेंबर २०२१मध्ये एसीसी या विद्यापीठांच्या गटाच्या अंतिम सामन्यात पिट्सबर्गच्या केनी पिकेटने सरकण्याची हूल दिली, बचावपटू थबकले, आणि तो ५८ यार्ड पळून टचडाउन करून आला. तो गुण मोजला गेला. काही दिवसांतच एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) पंचांना सांगितलं की हूल जिथे दिली तिथे चेंडू मृत धरावा. गंमत म्हणजे पिकेट मुख्यतः पासर म्हणून ओळखला जायचा.

चेंडू फेकून देऊन सॅक टाळता येत नाही का?

टॅकल बॉक्सच्या बाहेर गेला असेल आणि चेंडू निदान मूळ रेषेपर्यंत पोहोचला तर खुशाल. आत उभा राहून, आसपास रिसीव्हर नसताना फेकला तर इंटेन्शनल ग्राउंडिंग: गुन्हा घडला तिथून पुढचा डाव आणि डाउनही गेला. दोन पावलं बाजूला जाता येणं ही इथे थेट कामाची गोष्ट आहे.

पासर रेटिंग कसं काढतात? पळणाऱ्यांवर त्यात अन्याय होतो का?

कॉलेजचं सूत्र असं: यार्ड गुणिले ८.४, अधिक टचडाउन गुणिले ३३०, अधिक पूर्ण पास गुणिले १००, वजा इंटरसेप्शन (बचावाने झेललेले पास) गुणिले २००. या सगळ्याला फेकलेल्या पासांनी भागायचं. धावणं नाही, सॅकही नाही. अलाबामाच्या मॅक जोन्सचं २०२०मधलं रेटिंग २०३.१, पॉकेट पासरचा नमुना म्हणून त्याचं नाव घेतात. पण २०२३मध्ये एलएसयूच्या जेडन डॅनियल्सचं आलं २०८.० (३२७ पैकी २३६ पास, ३,८१२ यार्ड, ४० टचडाउन, ४ इंटरसेप्शन). तोच डॅनियल्स त्या वर्षी १,१३४ यार्ड पळाला. पायांच्या धाकाने सेफ्टी पुढे आली की मागे पास मोकळे होतात, म्हणून हे रेटिंग पळणाऱ्याला आडवाटेने फायदाच देतं.

शेवटी जिंकतं कोण?

ज्याला जे हवं ते उदाहरण मिळतं. जानेवारी २००६च्या रोझ बोल या राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) मॅट लायनार्टने ३६५ यार्ड फेकले. टेक्ससच्या व्हिन्स यंगने २६७ फेकले आणि २०० पळाला. चौथा डाउन, ५ यार्ड हवेत, १९ सेकंद बाकी, ठरलेला डाव पासचा, कोणी मोकळं नाही: यंग उजव्या कोपऱ्यात ८ यार्ड पळत गेला. ४१-३८. त्याआधी सहा वर्षांपूर्वी शुगर बोलमध्ये व्हर्जिनिया टेकच्या मायकल व्हिकने २२५ यार्ड फेकून ९७ यार्ड पळून दाखवले, पण फ्लॉरिडा स्टेटच्या क्रिस वाइंकीने पॉकेटमधून चार टचडाउन फेकले आणि सामना ४६-२९ नेला.

आमच्या मते खरा धडा अलाबामाचा आहे. ८ जानेवारी २०१८, जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला ०-१३. प्रशिक्षक निक सेबनने धावणाऱ्या जेलन हर्ट्सला बसवून पास फेकणाऱ्या तुआ टागोवाइलोआला उतरवलं. जादा वेळेत तुआ १६ यार्ड मागे सॅक झाला, आणि २६ यार्ड हवे असताना पुढच्याच डावावर ४१ यार्डांचा टचडाउन फेकला, २६-२३. अकरा महिन्यांनी, तेच स्टेडियम, तोच जॉर्जिया. या वेळी तुआ जखमी, संघ सात गुणांनी मागे. हर्ट्स आला, आधी पास फेकून बरोबरी केली, मग १५ यार्ड पळून ३५-२८.

स्टेडियममध्ये बसून हे सगळं कुठे दिसेल?

चेंडूकडे बघू नका. स्नॅपआधी सेफ्टी किती आणि किती खोल ते मोजा. स्नॅप होताच ब्लॉक न झालेला एंड शोधा आणि त्याचे खांदे बघा. पासचा डाव असेल तर क्वार्टरबॅकचे पाय: दाब आल्यावर तो पुढे चढतो की मागे पळतो. तिसरा डाउन आणि ५ ते ७ यार्ड हवे असतील तेव्हा बचावातला कोण मध्यात नुसता ताटकळत उभा आहे ते हेरा, तोच स्पाय. जागा एंड झोनच्या मागची, वरच्या रांगेतली मिळाली तर घ्या. पन्नास यार्डांच्या रेषेवरच्या महागड्या खुर्चीवरून लाइनमधल्या फटी दिसत नाहीत.